तैपेईत पाच दिवस, सोबत शाकाहारी आई: खाणं आणि पाहणं कसं जमवावं?

निवांत_वाटसरू

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन तैवानला चाललोय. पाच रात्री आणि मुक्काम सगळा तैपेईतच, कारण रोज बॅगा उचलून हॉटेल बदलणं तिला नको आहे. आई अडुसष्ट वर्षांची. सपाटीवर माझ्यापेक्षा जास्त चालते, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या आल्या की जपावं लागतं.

अडचण खाण्याची आहे. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. कांदा-लसूण चालतो. मी सगळं खातो, आणि खरं सांगायचं तर तैवान निवडलं ते खाण्यासाठीच. गेले दोन महिने रात्रीच्या बाजारांचे व्हिडिओ बघतोय. बघता बघता एकतीस ठिकाणांची यादी झाली आहे. त्यात बीफ नूडल्स, ऑयस्टरचं ऑम्लेट, तैपेई १०१, पॅलेस म्युझियम, ज्यूफन, चार देवळं, तीन रात्रबाजार असं सगळं एकाखाली एक लिहिलंय.

मला भीती वाटते ती ही, की मी गाड्यापाशी उभा राहून खाणार आणि आई शेजारी पिशवीतला खाकरा काढून बसणार. तसं झालं तर मला एकही घास गोड लागणार नाही. तिला देवळांची, बाजारांची, माणसं बघण्याची फार हौस आहे. तिथे राहिलेल्या किंवा फिरून आलेल्या कुणी सांगाल का, की दोघांनाही त्यात काहीतरी मिळेल असे दिवस कसे आखावेत? देवळात कसं वागायचं तेही सांगा. आपल्याकडून काही चुकीचं व्हायला नको.

अबोली

वाटसरू, तुमची काळजी वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितेय.

मी दोन वर्षं तैपेईत मँडरिन शिकायला होते. शीदा विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर खोली होती आणि तिला ओटाच नव्हता. तिथे भाड्याच्या पुष्कळ खोल्या अशाच असतात, त्यामुळे शहरातली निम्मी माणसं सकाळ-संध्याकाळ बाहेरच जेवतात. मीही जेवले. मी शाकाहारी आहे, अंडं खाते, मासे-मटण नाही. दोन वर्षांत एकदाही उपाशी झोपले नाही. तेव्हा खाकरे एका वेळेपुरते ठेवा, बाकी जागा येताना लागेल.

पहिलं काम म्हणजे ती यादी मोडा. खाण्याची एक आणि पाहण्याची एक, अशा दोन याद्या तैपेईत चालत नाहीत. तिथले जुने बाजार देवळासमोर वाढलेले आहेत. माणसं दर्शनाला यायची, त्यांना भूक लागायची, म्हणून गाडे लागले आणि तिथेच राहिले. आपल्याकडे जत्रेत जे वर्षातून एकदा दिसतं, ते तिथे रोज संध्याकाळी असतं. शेजारच्या कीलुंग बंदरातल्या बाजाराचं तर नावच ‘म्याओखौ’ आहे, म्हणजे देवळाचं तोंड. म्हणून प्रत्येक दिवशी एक देऊळ धरा आणि त्याच्याभोवती खा. तुम्हाला गाडे मिळतील, आईंना देऊळ मिळेल, आणि दोघं एकमेकांपासून पन्नास पावलांवर असाल.

राओहे बाजार घ्या. मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन सोंगशान. बाहेर आलात की समोर त्सयौ देऊळ, १७५३ सालचं, समुद्रदेवी माझूचं. छपरावर ड्रॅगन आणि रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांची इतकी दाटी की मान दुखेपर्यंत बघावं. तिथून बाजाराची कमान अगदी लागून आहे. कमानीतून आत गेल्या गेल्या मोठी रांग दिसेल ती हूज्याव बिंगची. मी तो कधी खाल्लेला नाही, त्यात डुकराचं मांस असतं. पण भट्टीपाशी उभं राहून कितीदा तरी पाहिलाय. कणकेच्या गोळ्यात मिरपूड लावलेलं मांस, वर मूठभर कांद्याची पात कोंबतात, तोंड बंद करतात, वरून तीळ, आणि तंदूरसारख्या मातीच्या भट्टीत आतल्या भिंतीला थापतात. खाली कोळसे. काढताना उचटणं लावून एकेक सोडवतात. माझी खोलीतली मैत्रीण सांगायची की पहिला घास वाफ जाऊ देऊन घ्यायचा, नाहीतर आतला रस जिभेला भाजतो. तुमच्या यादीत हा नव्हता, तो घाला.

आणि आईंसाठी त्याच गल्लीत शेंगदाण्याच्या चिक्कीचा गाडा शोधा. खोटं वाटेल, पण ती चिक्कीच असते, विटेपेक्षा मोठा ठोकळा. बाई त्यावर सुताराचा रंधा फिरवते आणि चिक्कीचा भुगा पडतो. पातळ मैद्याची पोळी पसरून त्यावर तो भुगा, वर आइस्क्रीमचे दोन-तीन गोळे, बहुतेक अरवीच्या कंदाचे किंवा अननसाचे, आणि त्यावर ताजी चिरलेली कोथिंबीर. मग गुंडाळी. आइस्क्रीमवर कोथिंबीर बघून आई आधी नको म्हणतील. आग्रह करून एक घास द्या. चिक्कीचा खरपूसपणा आणि कोथिंबिरीचा वास एकत्र आला की तो पदार्थ असाच असायला हवा हे पटतं. आइस्क्रीममध्ये अंडं आहे का ते मात्र विचारून घ्या.

आता शाकाहाराचं. शब्द एकच पाठ करा, ‘सू’. ‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. हे वाक्य म्हणालात की कुणी भुवया उंचावत नाही, कारण तिथे बौद्ध आणि ताओ परंपरेमुळे शाकाहार जुना आहे. कित्येक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस सोडतात, आपल्याकडच्या एकादशी-चतुर्थीसारखं. शाकाहारी खाणावळीच्या पाटीवर बहुधा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट दिशेला वळलेलं. आईंना तीच खूण सांगून ठेवा, दुरूनही दिसते. आत पंचवीस-तीस ताटं मांडलेली असतात. पालेभाज्या, भोपळा, वांगी, बांबूचे कोंब, टोफूचे दहा प्रकार, मशरूम. आपल्या हाताने घ्यायचं आणि काट्यावर वजन करून पैसे. दोन माणसांचं पोटभर जेवण अडीचशे-तीनशे तैवानी डॉलर्समध्ये होतं. बौद्ध पद्धतीत कांदा, लसूण, पात हेही वर्ज्य असतं, त्यामुळे चव सौम्य लागेल. चिमूटभर तिखट सोबत ठेवा.

एक सूचना. तिथे सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून हुबेहूब मासे, कोंबडी, हॅम बनवतात. ताटात माशाचा आकार बघून आई दचकतील, त्यांना आधीच सांगा. अशा पदार्थांत कधीकधी अंड्याचा पांढरा भागही असतो. पाकीटबंद वस्तूंवर मात्र शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात. ‘छ्वान सू’ म्हणजे पूर्ण शाकाहार आणि ‘नाय सू’ म्हणजे दूध चालणारा, हे दोन आईंसाठी निर्धास्त. ‘दान’ अक्षर दिसलं तर त्यात अंडं. कांदा-लसूणवाला जो पाचवा प्रकार आहे त्यात अंडं असू शकतं, तेव्हा आपल्याला कांदा चालतो म्हणून तो घेऊ नका.

देवळांबद्दल. वानह्वा भागातलं लोंगशान देऊळ पहिल्याच संध्याकाळी करा. चीनच्या फुज्येन प्रांतातून आलेल्या लोकांनी ते १७३८ साली बांधलं. मुख्य देवता ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. चीनमध्ये जाऊन तो स्त्रीरूप झाला. १९४५ च्या जूनमध्ये अमेरिकन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात मुख्य सभामंडप जळून गेला आणि मूर्ती तेवढी राहिली. तिथले लोक सांगतात की एरवी रात्री मंडपात आसऱ्याला येणारी माणसं त्या दिवशी डासांमुळे लवकर घरी गेली होती, म्हणून वाचली. देवळाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताचं दार ड्रॅगनचं, तिथून आत जायचं. डावीकडचं वाघाचं, तिथून बाहेर. मधलं दार देवांचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. एवढं पाळलंत की झालं. फोटोला कुणी अडवत नाही, पण प्रार्थना करणाऱ्याच्या तोंडासमोर फोन धरू नका.

तिथे तुम्हाला लाकडाच्या लाल चंद्रकोरी जमिनीवर पडल्याचा टकटक आवाज सतत येईल. कौल लावतात. कोकणातला कौल ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळतं. दोन कोरी, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. मनात आपलं नाव, गाव, जन्मतारीख सांगायची, प्रश्न विचारायचा आणि दोन्ही खाली टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर वर, तर नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट विचारलेला नाही, पुन्हा विचार. मला हा तिसरा पर्याय फार आवडतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी टाकल्या तेव्हा देव दोनदा हसला होता. शेजारच्या आजींनी माझा हात धरून सांगितलं की एका वेळी एकच गोष्ट विचार.

अजून एक देऊळ पर्यटकांच्या यादीत खाली असतं आणि मी ते वर घेईन, शिंगत्येन. ग्वान यू या सेनापतीचं. त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. इथे २०१४ पासून उदबत्त्या लावत नाहीत, त्यामुळे धूर नाही. निळ्या झग्यातल्या स्वयंसेवक बायका समोर उभ्या असतात आणि रांगेतल्या माणसाभोवती हात फिरवत, पुटपुटत, भ्यायलेला जीव शांत करतात. ही आपली दृष्ट काढणंच आहे. एक पैसा घेत नाहीत. आईंना रांगेत उभं करा. भाषा येण्याची गरज नाही, नाव विचारतील तेवढं सांगा.

पॅलेस म्युझियमला एक अख्खी सकाळ द्या. शिलिन स्टेशनवरून लाल ३० क्रमांकाची बस दारात सोडते. परदेशी पाहुण्यांना तिकीट ३५० डॉलर्स, सोमवारी बंद. सगळे जेड या दगडात कोरलेल्या कोबीकडे धावतात. धावा, पण तो जेमतेम १९ सेंटिमीटर उंच आहे हे माहीत असू द्या. त्याच्या पानावर बसलेला नाकतोडा शोधा. दगडात मुळात तडे आणि डाग होते, कारागिराने पांढरा भाग देठाला आणि हिरवा पानांना वापरला आणि तडे पानांच्या शिरांत लपवले. ही नजर बघायला मी तीनदा गेले. कोबी कधीकधी जियायीच्या दक्षिण शाखेत प्रदर्शनाला जातो, निघण्याआधी संकेतस्थळावर बघा.

खडीसाखर

अबोलींच्या सगळ्याला अनुमोदन. आम्ही दोघं गेल्या वर्षी जाऊन आलो, बायको शाकाहारी. आमची एक फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

एका छोट्या दुकानात चित्र दाखवून भाजीचे डंपलिंग मागवले. भाजी होतीच, कोबी आणि पात. तिसऱ्या डंपलिंगला बायकोला आत मांसाचा कण लागला. दुकानदाराची चूक नव्हती. तिथे ‘भाजीचे’ म्हणजे ‘भाजी असलेले’, मांस नसलेले असा अर्थ होत नाही. बायको त्या रात्री जेवली नाही आणि मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मुलीने चिठ्ठी लिहून दिली: मांस नाही, मासे नाही, कोळंबी नाही, अंडं नाही, डुकराची चरबी नाही, हाडांचा रस्सा नाही, दूध, कांदा, लसूण चालेल. ती चिठ्ठी पाकिटात घडी घालून शेवटच्या दिवसापर्यंत वापरली. चरबीचा मुद्दा विसरू नका. पातीची पोळी दिसायला थेट आपल्या लच्छा पराठ्यासारखी, पण काही ठिकाणी चरबीवर भाजतात. आणि गाड्यावरचा वासाचा टोफू नुसता टोफू म्हणून देऊ नका, ज्या पाण्यात तो मुरवतात त्यात कोळंबी असू शकते.

आईंसाठी बेइतौ सुचवेन. मेट्रोनेच जाता येतं, शेवटचा एक टप्पा छोट्या गाडीचा. गरम पाण्याचे झरे आहेत. १९१३ साली बांधलेलं सार्वजनिक स्नानगृह आता संग्रहालय आहे, फुकट, चपला काढून लाकडी जमिनीवर फिरायचं. दहा-पंधरा मिनिटं चालत वर गेलं की गंधकाच्या वाफेने भरलेलं हिरवट पाण्याचं कुंड. रस्ता हलक्या चढाचा, गुडघ्यांना झेपेल. सोमवार सोडून जा.

ज्यूफन मात्र विचार करून ठेवा. जुनं सोन्याच्या खाणीचं गाव, डोंगरउतारावर, सुंदर आहे. पण सगळं गाव म्हणजे दगडी पायऱ्या. पाऊसही तिथे कधीही येतो आणि पायऱ्या ओल्या होतात. आम्ही छत्री, गर्दी आणि पायऱ्या सांभाळण्यातच दमलो.

मेट्रोत पाणीसुद्धा पिऊ नका. फलाटाच्या आधी पिवळी रेघ असते, तिच्यापलीकडे खाणं-पिणं, अगदी च्युइंगमसुद्धा, बंद. दंड १५०० डॉलर्सपासून सुरू होतो. आईंना गोळी घ्यायची असेल तर बाहेरच घ्या.

दर्यावर्दी

मी थोडा वेगळा सूर लावतो. पाच दिवस पूर्ण तैपेईत नका घालवू. एक दिवस दक्षिणेतल्या ताइनान शहराला द्या. खाण्यासाठी तैवानला जाताय आणि ताइनान नाही, हे मला बघवत नाही.

वेगवान रेल्वेने तैपेईहून पावणेदोन तास, साधं तिकीट १३५० डॉलर्स. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून लोकल गाडीने आणखी वीस-पंचवीस मिनिटं. हे शहर दोनशे वर्षांहून जास्त काळ बेटाची राजधानी होतं. इथल्या आनपिंग भागात डचांनी १६२४ मध्ये किल्ला बांधायला घेतला, १६६२ मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या बाजूने लढणाऱ्या कोशिंगा या सेनापतीने नऊ महिने वेढा घालून तो जिंकला. आज मूळ तटाचा एक तुकडा उरलाय, लाल विटांचा, वडाच्या मुळांनी कवटाळलेला. चुन्यात शिंपल्यांची पूड, चिकट तांदळाची पेज आणि साखरेचा पाक घातला होता. हात लावून बघा, अजून पोलादासारखा आहे.

खायला दान-झाय नूडल्स. ‘दान’ म्हणजे कावड. वादळाच्या महिन्यांत होड्या समुद्रात जाऊ शकत नसत, तेव्हा मासेमारी करणारा माणूस कावडीवर चूल आणि नूडल्स घेऊन देवळासमोर विकायला बसे. वाटी छोटीच असते, पोट भरायला नव्हे तर भूक मोडायला. वर शिजवून आटवलेला खिमा, एक कोळंबी, चमचाभर लसणाचं वाटण. पहाटे पाच-सहाला गोमांसाचा रस्सा मिळतो. कच्च्या चकत्यांवर उकळता रस्सा ओततात, तेवढ्यानेच मांस शिजतं. पण त्यासाठी मुक्काम हवा.

अबोली

दर्यावर्दी, ताइनान माझंही लाडकं आहे. तरी अडुसष्ट वर्षांच्या आईंना एका दिवसात साडेतीन-चार तास रेल्वेत आणि उरलेला वेळ उन्हात, हे मी करणार नाही. वाटसरू, तुम्ही पुन्हा जाल तेव्हा एकदम ताइनानलाच उतरा, तीन दिवस. या वेळी त्याऐवजी दादाओछंग या तैपेईतल्या जुन्या व्यापारी भागाला पूर्ण दिवस द्या.

तिथला दीह्वा रस्ता म्हणजे मसाले, वाळवणं आणि औषधी मुळ्यांची पेठ. विटांच्या जुन्या दुकानांसमोर पोत्यांत वाळवलेले मशरूम, लाल खजूर, कमळाच्या बिया. आईंचे दोन तास इथे कसे गेले ते कळणार नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या नदीकाठावरून चहा जहाजांत भरायचे आणि १८६९ मध्ये तो थेट न्यूयॉर्कला गेला. योंगल बाजारात वर कापडाची दुकानं आहेत. तिथून पाच-सात मिनिटांवर त्सशंग देवळाचं अंगण. वडाची झाडं, खाली टेबलं आणि कडेने गाडे. हे दिवसाचं आहे, दुपारी तीनपर्यंत आवरतात. तुमची मांसाची हौस इथे भागवा. आई झाडाखाली बसतील, शेजारी म्हातारे गप्पा मारत असतात.

सकाळच्या नाश्त्याचं राहिलं. दौज्यांग म्हणजे सोयाबीनचं दूध, गरम आणि गोड, सोबत यौत्याव, म्हणजे पिठाची तळलेली लांब कांडी. शानदाओ-स स्टेशनला लागून बाजाराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर प्रसिद्ध दुकान आहे, रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर येते. तुमच्या गल्लीतलं कुठलंही चालेल. गोड दौज्यांग आईंना. खारट तुम्हाला, कारण त्यात सुकी कोळंबी असते. व्हिनेगर घातल्यावर दूध नासल्यासारखं फुटतं आणि ते तसंच हवं असतं.

बबल टीमधले काळे गोळे टॅपिओकाचे, म्हणजे साबुदाण्याचं थोरलं भावंड. साखर किती हवी ते विचारतात, ‘पान थांग’ म्हणा, अर्धी.

शेवटचं सांगते. च्यांग कै-शेक यांचं स्मारक सगळे दाखवतील, पांढरं, भव्य, एकोणनव्वद पायऱ्यांचं. आईंना चौकातूनच दाखवा. आणि तुम्ही एकट्याने तासभर काढून २२८ पार्कमधलं छोटं संग्रहालय बघा. १९४७ च्या २८ फेब्रुवारीला सुरू झालेला उठाव त्यांच्याच सरकारने चिरडला, त्यात १८ ते २८ हजार माणसं मारली गेली असा नंतरच्या काळात सरकारनेच नेमलेल्या अभ्यासगटाचा अंदाज आहे. पुढे १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्यांच्या घरात लहानपणी हा विषय दार लावूनही निघत नसे. ज्या देवळांत आणि बाजारांत माणसं आज इतकी मोकळी बोलताना दिसतात, ती तेव्हा गप्प होती. हे कळल्यावर मला ते शहर निराळं दिसायला लागलं.

निवांत_वाटसरू

मंडळी, परवा परत आलो. उशिरा का होईना, कळवायला हवं.

खाकऱ्याचं पाकीट जसंच्या तसं परत आलं. चिठ्ठी लिहून घेतली, खडीसाखर, फार उपयोग झाला. आईने तिसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि स्वतःच दाखवायला लागली. वजनावर जेवण हे तिला इतकं पटलं की रोज दुपारी तेच. सोयाबीनचा मासा तिने उलटून-पालटून बघितला, नखाने कातडी टोकरून बघितली, ती समुद्री शेवाळाची होती, आणि मग खाल्ला.

राओहेला हूज्याव बिंगच्या रांगेत मी पस्तीस मिनिटं उभा होतो. तेवढ्यात आई देवळात जाऊन आली. जीभ भाजलीच. चिक्की-आइस्क्रीम तिने दोन खाल्ली.

लोंगशानला तिने कौल लावला. मी लांब उभा होतो. पहिल्यांदा दोन्ही सपाट. ती खाली वाकली, गुडघ्यावर हात ठेवून, कोरी उचलल्या, पुन्हा टाकल्या, पुन्हा सपाट. एक आजोबा आले, तिला हातवारे करून सावकाश, सावकाश म्हणत होते. तिसऱ्यांदा एक सपाट, एक फुगीर. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. शिंगत्येनलाही गेलो. निळ्या झग्यातल्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा आईचे डोळे भरून आले. का, ते मी विचारलं नाही.

कोबी दिसला. नाकतोडा तिने माझ्याआधी शोधला. २२८ ला मी एकटा गेलो. अबोलीताई, त्याबद्दल निराळं लिहीन.

आता आईचा एक प्रश्न, तिने मुद्दाम विचारायला सांगितलाय. दीह्वा रस्त्यावर एक माणूस पाण्याच्या पातेल्यात कापडाची पुरचुंडी बुडवून चोळत होता. पिवळसर बुळबुळीत पाणी सुटत होतं. आम्ही लिंबाचा रस आणि पाक घातलेली वाटी खाल्ली, थंडगार जेली होती. चूल कुठेच नव्हती. चायना ग्रास उकळावं लागतं, मग हे न उकळता कसं घट्ट झालं, असं ती गेले दोन दिवस विचारतेय.

अबोली

आईंना माझा नमस्कार सांगा. बरोबर ठिकाणी त्यांची नजर गेली.

त्याला आययू म्हणतात. अंजीर-उंबराच्या जातीतला एक वेल आहे, तैवानच्या डोंगरांत होतो. त्याचं फळ सोलून, आतली बाजू बाहेर उलटून वाळवतात आणि चिकटलेल्या बारीक बिया खरवडून काढतात. त्या बिया पुरचुंडीत बांधून थंड पाण्यात चोळल्या की त्यांच्यावरचं पेक्टिन सुटतं. पाण्यातल्या कॅल्शियमशी ते धरलं जातं आणि अर्ध्या तासात पातेलं जमतं. उष्णतेचं कामच नाही. म्हणून पाणी साधं, क्षार असलेलं लागतं. गाळून क्षार काढलेल्या पाण्यात ते जमत नाही. पातेल्याला किंवा हाताला तेलाचा अंश असला तरी बिघडतं, आणि साखर आधी घालायची नाही, पाक नेहमी वरून. दुसऱ्या दिवशी त्याचं परत पाणी सुटायला लागतं, म्हणून तो माणूस रोज सकाळी नव्याने चोळत बसतो.

आमच्या गल्लीत एक आजी विकायच्या. चोळताना मनगटापर्यंतच हात पाण्यात घालायच्या आणि कुणी बोलायला आलं तर मानेने थांब म्हणायच्या. पाच-सहा मिनिटांनी बोटांना पाणी जड लागायला लागलं की लगेच पुरचुंडी काढायची, एवढंच त्यांनी मला शिकवलं.